राखेत निजलेला निळा मणी

एकदा काय झालं, एका बाईच्या डोळ्यांतले रंग निघून गेले.

डोळे गेले नाहीत हं. डोळे होते तिथंच होते. तिला उंबरा दिसायचा, चूल दिसायची, दारातली शेळी दिसायची. पण सगळं राखेच्या रंगाचं. शेळी राखेची, कुंकू राखेचं, झाडांची पानंसुद्धा राखेची.

या बाईचं नाव गोजराबाई. ती राहायची मण्यांच्या वाडीत, आणि तिच्याबरोबर राहायची तिची एकुलती एक लेक, भिवरा.

आता मण्यांची वाडी म्हणजे काय, ते आधी ऐका. त्या वाडीत घरोघरी काचेचे मणी व्हायचे. एक दिवा घ्यायचा, जाड वातीचा. तोंडात फुंकणी धरायची आणि ज्योतीवर हळूहळू फुंकायचं. मग ज्योत आडवी होते, लांब होते, सुईसारखी टोकदार होते. त्या टोकावर काचेची कांडी धरायची. काच आधी लाल होते, मग मऊ होते, मग काकवीसारखी ओघळायला लागते. ओघळली की ती लोखंडी तारेवर गुंडाळायची आणि तार फिरवत राहायची. हात थांबला की मणी एका बाजूला लोंबलाच म्हणून समजा. तारेला आधी पातळ पांढरी माती फासायची, नाहीतर मणी तारेला धरून बसतो, मग काही केल्या सुटत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं पुढंच आहे, बरं का. झालेला मणी तसाच उघड्यावर ठेवायचा नाही. ऊन राखेच्या मडक्यात खोल पुरायचा. तिथं तो हळूहळू गार होतो. वाडीतल्या बाया म्हणायच्या, मणी निजला. निजलेल्या मण्याला कुणी उठवायचं नाही. अर्ध्या झोपेत उठवलेलं मूल कसं किरकिरतं? तसा अर्ध्या झोपेत उठवलेला मणी तडकतो.

या कामात गोजराबाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. चाळीस वर्षं ती दिव्यापुढं बसली. तिनं हिरव्या मण्यांची माळ वाळत घातली तर पोपट येऊन शेजारी बसायचे. पिवळे मणी केले तर मधमाश्या खिडकीतून आत यायच्या आणि फसून परत जायच्या.

मग हळूहळू रंग फिके व्हायला लागले. पुन्हा पुन्हा धुतलेल्या लुगड्यासारखे. गोजराबाई कुणाला काही बोलली नाही. अंदाजानं कांड्या उचलायची, अंदाजानं मणी करायची. आणि एके दिवशी शेजारची पारूआत्या एक माळ हातात धरून दारात उभी राहिली.

"गोजरावहिनी, हे काय केलंत?"

"काय झालं गं?"

"नवरीच्या माळेत हिरवे सांगितले होते. तुम्ही एक हिरवा, एक तांबडा, एक हिरवा, एक तांबडा. नवरी विचारते, ही माळ गळ्यात घालायची का मिरच्या म्हणून दाराला टांगायची?"

आत्या हसली. गोजराबाईपण हसली. पण आत्या गेल्यावर तिनं माळ उजेडात धरली, डोळ्यांजवळ आणली, लांब नेली. सगळे मणी सारखेच. मग तिनं फुंकणी पुसली, फडक्यात गुंडाळली आणि फडताळात ठेवून दिली. त्या दिवसापासून ती उंबऱ्यावर बसून राहायला लागली. बसल्या बसल्या तिची बोटं आपोआप फिरायची. हातात तार नसायची, पण बोटं तार फिरवायची.

हे भिवरानं पाहिलं.

भिवरा होती तेरा-चौदा वर्षांची. तिला सगळं दिसायचं आणि बोलता मात्र काही यायचं नाही. मुंगी उंबऱ्याच्या कुठल्या फटीतून येते, आत्याच्या कुठल्या बांगडीला चीर गेलीय, सगळं तिच्या ध्यानात असायचं. पण दहा शब्द मनात आले तर एक ओठांवर यायचा. बाकीचे नऊ ती गिळायची. आत्या म्हणायची, "या पोरीचं पोट शब्दांनीच भरतं, म्हणून भाकरी कमी लागते."

आईची रिकामी बोटं फिरताना ती कितीतरी वेळ बघत राहायची. तिला वाटलं, आईचे रंग परत आले नाहीत तर आई अशीच बसून राहील, आणि बसून बसून एक दिवस तीसुद्धा राखेच्या रंगाची होईल.

मग एका दुपारी आई जरा आडवी झाल्यावर भिवरानं काय केलं? दार अर्धं लोटलं. उजेड फार असला की ज्योत नीट दिसत नाही ना, म्हणून मणी करताना दार लोटायचं असतं. तिनं फुंकणी काढली, दिवा लावला आणि आईच्या पाटावर जाऊन बसली. फुंकर घातली नाही. नुसती ज्योतीकडं बघत बसली. बघता बघता तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडलं.

तेवढ्यात ज्योत बोलली. बारीक आवाज होता तिचा, सुई पडल्यासारखा.

"माझ्याकडं अशी काय बघतेस? मी नाही खाल्ले तुझ्या आईचे रंग."

भिवरानं डोळे पुसले.

"चाळीस वर्षं ती माझ्याकडं टक लावून बघत आली," ज्योत म्हणाली. "रोज थोडा थोडा रंग डोळ्यांतून सुटला. धुराला काय, जे सुटेल ते उचलतो आणि जातो. तांबडा त्यानं डोंगरावर टाकला. पिवळा पठारावर टाकला. निळा डोहात टाकला."

"परत?" भिवरा एवढंच म्हणाली.

"येतील परत. पाण्यासारख्या काचेच्या तीन कांड्या घे. जिथं रंग सापडेल तिथं कांडी टेकव, रंग आत उतरेल. घरी येऊन मणी कर आणि राखेत निजव. तांबडा एक दिवस निजेल, पिवळा तीन दिवस, निळा सात दिवस. मग आईच्या गळ्यात घाल. पण झोप पुरी व्हायच्या आधी मणी काढलास तर तो तडकेल, आणि तडकलेल्या मण्यातला रंग पुन्हा डोळ्यांत येत नाही. आईलापण हे सांगून ठेव."

भिवरानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ती आईला म्हणाली, "येते." कुठं जाते, कशाला जाते, काही नाही. आई म्हणाली, "भाकरी तरी घेऊन जा गं." मग भिवरानं भाकरी घेतली, तीन कांड्या घेतल्या आणि डोंगराची वाट धरली.

चालली, चालली, दिवसभर चालली. दिवस कलायला आला तेव्हा ती माथ्यावर पोचली. तिथं एक उंच, फार उंच बाई उभी होती. ती होती सांजबाई. तिनं पश्चिमेच्या टोकापासून पूर्वेच्या टोकापर्यंत एक लुगडं वाळत घातलं होतं, आणि आता ते एकटीच काढत होती. एक टोक हातात घेतलं की दुसरं निसटायचं. दुसरं धरलं की मधलं खाली लोळायचं.

"कोण गं तू, चिमणीएवढी?" सांजबाईनं विचारलं.

"भिवरा."

"बरी आलीस. ते टोक धर. एकटीनं काय लुगड्याची घडी होते? रोज नुसता बोळा करून ठेवते. म्हणून तर संध्याकाळी आभाळाला चुण्या पडतात."

मग भिवरानं टोक धरलं. सांजबाईनं आपलं टोक धरलं. दोघींनी लुगडं ताणलं, झटकलं, आणि एकमेकींकडं चालत आल्या. टोकाला टोक लागलं. पुन्हा मागं गेल्या, पुन्हा पुढं आल्या. प्रत्येक वेळी सांजबाईची बोटं भिवराच्या बोटांना लागायची. ती बोटं ऊन होती, नुकत्या विझलेल्या चुलीसारखी. घडी लहान लहान होत गेली आणि शेवटी एवढुशी झाली, पोळीएवढी.

"या काठावर एक डाग पडलाय बघ," सांजबाई म्हणाली. "वर्षानुवर्षं धुते, जात नाही. रोज थोडा वाढतोच आहे."

भिवरानं बघितलं. तो डाग कुंकवासारखा तांबडा होता. तिनं हळूच कांडी टेकवली. सुर्रकन डाग कांडीत चढला, आणि काठ कसा स्वच्छ झाला. सांजबाई खूश झाली. तिनं घडी काखेत मारली आणि डोंगराच्या मागं उतरून गेली.

भिवरा घरी आली. तिनं दिवा लावला, फुंकणी धरली, तांबड्या कांडीचा मणी केला आणि राखेत निजवला. एक दिवस गेला. मग मणी काढून दोऱ्यात ओवला आणि आईच्या गळ्यात बांधला. मणी गळ्याला लागला मात्र, आईनं डोळे चोळले. भिवराच्या कपाळाकडं बघितलं.

"अगं, किती मोठं कुंकू लावतेस," आई म्हणाली. आणि मग ती रडायलाच लागली, हसत हसत.

झोप आली का कुणाला? नाही ना. मग पुढं ऐका.

दोन दिवसांनी भिवरा पुन्हा म्हणाली, "येते." आता गेली ती पठारावर. पठार म्हणजे सपाटच सपाट, मऊ गवत, आणि वारा. त्या गवतात एक राक्षस आडवा पडला होता. घाबरू नका. तो कुणाला खात नव्हता. त्याला खायचं सुचतच नव्हतं, कारण सात वर्षं त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"कोण आहे?" राक्षस कण्हत म्हणाला. "जो कोण असेल त्यानं माझ्या डोळ्यांत बघावं. काय गेलंय?"

भिवरा त्याच्या खांद्यावर चढली. खांद्यावरून हनुवटीवर, हनुवटीवरून नाकावर. वाकून बघते तर काय, दोन्ही पापण्यांच्या आतून पिवळा रंग चिकटलेला. हळदीसारखा, झळझळीत.

"पिवळं," ती म्हणाली.

"तेच तर. डोळे उघडे ठेवले तरी दिवस, मिटले तरी दिवस. सात वर्षं माझी दुपारच चालू आहे. कोंबडे आरवले की लोक उठतात. मला कोंबडा आरवला की रडू येतं. सगळे झोपून उठले, आणि माझं अजून झोपायचंच आहे."

भिवराला त्याची फार दया आली. तिनं परकराचा मऊ कोपरा घेतला आणि लहान बाळाचे डोळे पुसतात तसे त्याचे डोळे पुसले. आधी उजवा, मग डावा. एकेक पापणी चादरीएवढी होती. सगळा पिवळा रंग कोपऱ्यावर आला. त्या कोपऱ्याला तिनं कांडी टेकवली. रंग कांडीत उतरला.

राक्षसानं डोळे मिटले. "अंधार," तो म्हणाला. "किती छान अंधार आहे गं, पोरी, तुझे फार उप..." आणि पुढचं बोलायच्या आधीच तो घोरायला लागला. त्याच्या पहिल्या घोरण्यानं गवत आडवं झालं. दुसऱ्यानं भिवरा उचलली गेली. तिसऱ्यानं ती तरंगत तरंगत, झाडांच्या शेंड्यांवरून, म्हातारीच्या कापसासारखी अलगद आपल्या दारात येऊन उतरली.

मग तिनं पिवळा मणी केला. राखेत निजवला. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. रोज आई विचारायची, "काढायचा का गं?" आणि रोज भिवरा मान हलवायची, नाही म्हणून. चौथ्या दिवशी तो मणी आईच्या गळ्यात गेला.

मग आईला डाळ दिसली. शेवंती दिसली. तांबडा आणि पिवळा दोन्ही आले, त्यामुळं मधले सगळे शेंदरी, केशरीही दिसायला लागले. तेवढ्यात पारूआत्या दारात आली.

"पारू, हे शेंदरी लुगडं तुला शोभत नाही," आई म्हणाली. "घेतलंस तेव्हाच सांगायला हवं होतं."

"वहिनी, तुम्हाला दिसत नव्हतं तेच बरं होतं," आत्या म्हणाली, आणि डोळे पुसत घरी गेली.

पण झाडांची पानं आईला अजून पिवळीच दिसायची. निळा नाही तर हिरवा कुठून येणार? आणि आभाळ राखेचंच होतं.

म्हणून भिवरा तिसऱ्यांदा निघाली. ही वाट नदीच्या डोहाकडं जात होती. त्या डोहात सात बहिणी राहतात. त्यांना आसरा म्हणतात, पाण्यातल्या देवीच त्या. भिवरा गेली तेव्हा सहा जणी खाली निजल्या होत्या आणि सगळ्यात धाकटी कमरेएवढ्या पाण्यात खेळत होती. तिच्या मनगटाभोवती निळा रंग होता. पाण्यासारखा हलायचा तो. कधी बांगडी व्हायचा, कधी मासोळी व्हायचा, कधी बोटातून निसटून पुन्हा मनगटावर चढायचा.

भिवरानं कांडी पुढं केली.

"देणार नाही," धाकटी म्हणाली. "मला सापडला, माझा आहे."

आता दुसरं कुणी असतं तर त्यानं विनवलं असतं. भिवराच्या मनात कितीतरी आलं. माझी आई अशी, तिचे हात असे, तिची बोटं अशी फिरतात. पण ओठांवर काहीच येईना. मग ती काठावरच्या दगडावर बसली. पाय पाण्यात सोडले आणि बसून राहिली. सकाळची दुपार झाली.

"काही बोलत का नाहीस?" धाकटी जवळ आली. "लोक येतात ते रडतात, नवस बोलतात, खण-नारळ देतात. तू नुसती बसतेस. गळ्यात काय आहे तुझ्या?"

भिवराच्या गळ्यात एक मणी होता. एका बाजूला लोंबलेला, दुसऱ्या बाजूला चपटा.

"मी केला. पहिला. वाकडा आहे."

धाकटीनं तो बोटानं हलवून बघितला. "माझ्याकडं शंख आहेत, शिंपले आहेत, गोटे आहेत. पाण्यानं घासून घासून सगळे गुळगुळीत. वाकडं एकही नाही." तिनं मनगटावरच्या निळ्याकडं एकदा बघितलं. मग म्हणाली, "हा दे. तो घे."

भिवरानं दोरा सोडला. मणी दिला. निळा रंग मनगटावरून उतरला आणि वळसे घेत घेत कांडीत शिरला.

"ऐक," धाकटी म्हणाली. "हा पाण्यात राहिलेला रंग आहे. याचा मणी बाहेरून लवकर गार होतो आणि आत ऊन राहतो. हात लावणाऱ्याला फसवतो. सात दिवस म्हणजे पुरते सात. घरात सगळ्यांना सांगून ठेव."

भिवरानं मान हलवली. तिला मान हलवायची फार सवय होती, बरं का.

घरी येऊन तिनं निळा मणी केला. इतका सुंदर मणी त्या वाडीत कधी झाला नव्हता. तारेवर फिरताना आतून लाटा दिसत होत्या. तिनं तो राखेत निजवला, मडक्यावर झाकण ठेवलं. आई शेजारीच बसली होती. तिचा हात गळ्यातल्या दोन मण्यांवर होता.

"हा किती दिवस गं, भिवरे?"

भिवराला सांगायचं होतं. सात दिवस, आई, बाहेरून गार लागला तरी उघडू नकोस, एकदा तडकला तर पुन्हा नाही. एवढे सगळे शब्द गळ्यापर्यंत आले आणि तिथंच गर्दी करून थांबले. आपण घरातच आहोत की, तिनं मनाशी म्हटलं. उघडणार आपणच. मग सांगायचं कशाला?

"निजू दे," ती म्हणाली.

एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. चौथ्या दिवशी आईनं मडक्याकडं दोनदा बघितलं. पाचव्या दिवशी दहादा बघितलं. सहाव्या दिवशी दिव्याचं तेल संपलं. भिवरानं तांब्या घेतला आणि ती पलीकडच्या गावात, घाण्यावर करडईचं तेल आणायला गेली.

इकडं आई एकटी. तिच्या मनात आलं, पिवळ्याला तीन दिवस लागले, याला दुप्पट झाले. पोर उघडायला भीत असेल. मग तिनं काय केलं? मडक्याला तळहात लावला. गार. झाकण काढलं, राखेत बोट घातलं. गार. चाळीस वर्षं ती असाच हात लावून मणी काढत आली होती, आणि तिचा तळहात कधी चुकला नव्हता. तिनं राख बाजूला केली, मणी उचलला आणि तळहातावर घेतला. तोही गार.

आणि मग बारीक आवाज झाला. टिच्.

भिवरा तेलाचा तांब्या घेऊन परत येत होती. वाटेत तिला काय दिसलं? एक निळी रेघ. जमिनीवरून वळवळत, घाईनं, तिच्या पायांजवळून गेली. भिवरानं तो निळा ओळखला. तिनं तांब्या खाली ठेवला आणि ती रेघेच्या मागं धावली. रेघ बांधावर चढली, पलीकडं उतरली. तिथं जवसाचं शेत होतं. तेव्हा जवसाची फुलं पांढरी असायची. निळी रेघ शेतात शिरली आणि एका फुलात चढली. मग शेजारच्या फुलात. मग त्याच्या शेजारच्या. भिवरा धावतेय आणि फुलं पुढं पुढं निळी होतायत. ती शेताच्या टोकाला पोचली तेव्हा मागं वळून बघितलं. सगळं शेत निळं झालं होतं. वारा आला की शेताचा डोह व्हायचा.

भिवरानं कांडी आणली असती तरी काय? आता तो रंग हजार फुलांचा झाला होता.

ती घरी आली. आई जमिनीवर बसली होती. एका हातात मण्याचे दोन तुकडे, पाण्यासारखे, रंग नसलेले. तळहातावर पोळल्याचा फोड.

"मी उघडला," आई म्हणाली. "गार लागला गं हाताला."

भिवराला राग आला. खूप आला. तिनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिला तो फोड दिसला. मग पहिल्यांदा गळ्यातली गर्दी सुटली.

"सात दिवस होते," ती म्हणाली. "ज्योतीनं सांगितलं होतं, आसरेनं सांगितलं होतं, दोघींनी म्हटलं होतं घरात सांग. मी सांगितलं नाही. तू विचारलंस तरी नाही सांगितलं. तुझा हात नाही चुकला, आई. मीच गप्प बसले."

आई तिच्याकडं बघतच राहिली. एवढं बोलताना तिनं लेकीला कधी ऐकलं नव्हतं.

"मग तो गेला कुठं?" तिनं विचारलं.

भिवरानं आईचा हात धरला आणि तिला बांधावर नेलं. शेत समोर पसरलं होतं. आईनं डोळ्यांवर हात धरून बघितलं, बराच वेळ.

"मला राखच दिसते," ती म्हणाली. मग बांधावर बसली. "तू सांग."

"कसं सांगू?"

"जसं दिसतं तसं."

भिवरा शेजारी बसली. तिनं शेताकडं नीट बघितलं. मग ती म्हणाली, "तापलेल्या वाटेनं चालून यायचं आणि पाय डोहात सोडायचे. तसं वाटतं बघताना." आईनं डोळे मिटले. "पुढं?" "कडेची फुलं आहेत ना, ती फिकी आहेत. ताकाच्या निवळीत थोडा रंग पडावा तशी. मधली दाट आहेत. आणि वारा आला की दाट फिक्यात जातं." "पुढं?" मग भिवरा सांगत गेली, सांगत गेली. सांजबाईचं सांगितलं, राक्षसाचं सांगितलं, धाकटीचं सांगितलं. सावल्या लांब झाल्या तरी तिचं सांगणं संपेना.

दुसऱ्या दिवशी गोजराबाईनं दार अर्धं लोटलं. आपल्या पाटावर बसली, फुंकणी तोंडात धरली. भिवरा शेजारी कांड्या घेऊन बसली.

"ही निळी?"

"ही निळी."

"पांढरी किती घालू?"

"हरभऱ्याएवढी. अजून थोडी. आता थांब, आई. आता कडेच्या फुलासारखा झाला."

आणि आई थांबली. मणी राखेत गेला. "किती वेळ निजवायचा?" आईनं विचारलं. "उद्या सकाळपर्यंत," भिवरानं सांगितलं, लगेच.

मग असे मणी रोज व्हायला लागले. एक भल्या पहाटेच्या आभाळासारखा, एक पावसाळी ढगासारखा, एक नुसता वाऱ्यानं हललेल्या जवसासारखा. दूरदूरच्या नवऱ्या मुली म्हणायच्या, माळ हवी तर मण्यांच्या वाडीची, आणि मणी हवे तर निळेच. ते मणी करणाऱ्या बाईला निळं दिसत नाही, हे कुणाला सांगून खरं वाटायचं नाही. पारूआत्याला तर रोज बघूनसुद्धा खरं वाटायचं नाही. ती भिवराला म्हणायची, "आता जरा गप्प बस गं बाई, कान दुखले माझे."

जवस मात्र तेव्हापासून निळाच फुलतो. आणि रोज सकाळी दार उघडलं की गोजराबाई उंबऱ्यावर यायची, वर बघायची आणि विचारायची, "आज कसं आहे गं आभाळ?" भिवरा येऊन शेजारी उभी राहायची आणि सांगायची.

अशा त्या मायलेकी खूप वर्षं सुखात राहिल्या. एक बघायची, एक करायची, दोघी मिळून बोलायच्या.

झालं बरं. आता पांघरूण ओढा, कुशीवर वळा आणि डोळे मिटा. मिटल्यावर कुठला रंग दिसतो तो नीट बघून ठेवा, आणि सकाळी उठलात की सांगा.